सातवा घाणा

१

गुरुवारी सकाळी गीतांजलीने तोच आकडा चौथ्यांदा काढला आणि चौथ्यांदाही तो तेवढाच आला. टाकीतल्या पाण्यात जेवढं एन्झाइम सापडायला हवं होतं, त्याचा जेमतेम चौथा हिस्सा सापडत होता. बाकीचं गेलं कुठं? टाकीला भोक नव्हतं, झाकणाला कुलूप होतं, आणि एन्झाइमला काही पाय फुटत नाहीत.

रेणापूरच्या बाहेर पत्र्याच्या दोन शेड आणि पाचशे लिटरची एक टाकी, एवढाच तो प्रकल्प. काम मात्र नवलाचं होतं. तूर काढली की मागं तुराट्या उरतात. त्यांचं कूड घालायचं नाहीतर चुलीत सारायच्या, एवढंच आजवर लोकांना ठाऊक. इथं त्या वाफेत शिजवून वाळवायच्या, गिरणीतून दळून आणायच्या, पाण्यात कालवायच्या आणि वरून कॅनमधलं एन्झाइम सोडायचं. एन्झाइम काडीतले तंतू कुरतडून त्यांची साखर करतं, साखरेचं पुढं अल्कोहोल होतं, आणि ते गाडीच्या इंधनात जातं. टाकीच्या एका भरणीला इथं सगळे घाणाच म्हणत. सहा घाणे झकास उतरले होते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी लावलेला सातवा मात्र पार बसला. साखर निम्मीही झाली नाही.

व्यवस्थापक विरूपाक्ष यांनी आकडा पाहिला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. माणूस वाईट नव्हता, पण एकदा संशय डोक्यात शिरला की तो बाहेर काढायला त्यांना दार सापडत नसे. निलंग्याकडचे, घरात कन्नड बोलणारे. मराठीतली लिंगं त्यांना आयुष्यभर चकवा देत आली होती.

"तुराट्या त्याच, पाणी तोच, टाकी तोच," ते म्हणाले. "मग कॅनमध्येच पाणी घातलाय कुणीतरी. माझा खात्री आहे."

त्यांनी रजिस्टर उघडलं. खंडेनवमीला सुट्टी होती. त्या दिवशी एकच माणूस आत आला होता आणि त्याने एन्झाइमचा फ्रिज उघडला होता: स्टोअरकीपर व्यंकट.

अकराच्या चहाला आवारात बारा-तेरा माणसं जमलेली असताना साहेबांनी त्याला सगळ्यांदेखत विचारलं. व्यंकटने कप खाली ठेवला. "साहेब, म्या पूजा केली," तो एवढंच म्हणाला. मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. साहेबांनी चावी काढून घेतली, उद्यापासून येऊ नकोस म्हणाले, आणि सोमवारी अकरा वाजता पोलिसांत चोरीची तक्रार देणार असल्याचंही सांगून टाकलं.

गीतांजलीला ते ऐकवेना. दोन वर्षांपूर्वी ती नांदेडहून इथं आली, तेव्हा याच व्यंकटने तिला खोली शोधून दिली होती आणि ताई ताई म्हणत घरचा भाऊ असल्यासारखा वागला होता. आता तिच्याच आकड्याने त्याला चोर ठरवलं होतं. आकडा खोटा नव्हता, आणि व्यंकट चोर असेल यावर तिचा काडीचाही विश्वास नव्हता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील, हे तिला कळेना. तिने सत्यशीलाबाईंना फोन लावला.

२

सत्यशीलाबाई नांदेडच्या विष्णुपुरीत राहत. चौतीस वर्षं त्यांनी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं होतं. प्रॅक्टिकलला न बसता रीडिंग लिहून आणणारी पोरं त्या वहीकडे न पाहता, नुसत्या पोराकडे पाहून ओळखत. निवृत्तीनंतर ही विद्या फुकट चालली म्हणून त्या हळहळत असत. गीतांजली त्यांची लाडकी विद्यार्थिनी.

शुक्रवारी पहिल्या गाडीने त्या हजर झाल्या, ते पदर खोचूनच.

"कुणी आणलंय यांना?" विरूपाक्षांनी हळूच विचारलं.

"मीच आलेय," बाई म्हणाल्या. "तुमची चौकशी झाली असेल तर माझी सुरू करते. आणि टाकी 'तीच' असते हो साहेब, 'तोच' नसते."

साहेब वरमले. बाईंना नाही म्हणणं त्यांना जमलं नाही. पुष्कळांना जमत नसे.

बाईंनी आधी व्यंकटला बोलावून घेतलं. फोन केल्यापासून दहाव्या मिनिटाला तो फाटकात उभा होता.

"खंडेनवमीला कशाला आला होतास?"

"बाई, त्या दिशी समदे आपापल्या हत्याराची पूजा करतेत. सुतार करवतीची, डायवर गाडीची. माझ्याकडं काय हाय? चावी हाय, काटा हाय, अन् फ्रिज. म्या त्याला हळद-कुंकू लावलं, दोन्ही कॅनला बोट लावलं, नारळ फोडला अन् घरी गेलो."

"झाकण उघडलंस?"

"न्हाई वो! सील हाय त्याला. आन् देवाला काय सील तोडून दाखवायचं असतंय?"

बाईंनी फ्रिज उघडायला लावला. आत एक भरलेला कॅन होता, कपाळावर कुंकवाचं बोट मिरवत. बुधवारी वापरलेला रिकामा कॅन कोपऱ्यात पडला होता, त्यालाही तसंच बोट.

"आणि हळदच आत गेली असेल तर?" दारातून साहेब म्हणाले. "हळद औषधी असतो."

"साहेब, तुमचं ऐकून तर हळदही लाजेल," बाई म्हणाल्या. पण रिकामा कॅन त्यांनी उचलला, तिरका केला आणि कानाशी नेऊन हलवला. मग त्या गीतांजलीकडे वळल्या.

"हा तपासलास?"

"तो रिकामा आहे बाई."

"स्वयंपाक करतेस की नाही? रिकाम्या तेलाच्या डब्यातून अजून एक फोडणी निघते. बघ तळाला काय आहे."

तळाच्या कोपऱ्यात चमचाभर दाट, चहाच्या रंगाचं पाणी साठलेलं होतं. ज्या कॅनमध्ये पाणी मिसळल्याचा आरोप होता, त्याच कॅनमधलं.

३

ते चमचाभर मोजायला दीड तास लागला. तेवढ्या वेळात व्यंकट बाहेर लिंबाखाली बसून राहिला आणि साहेब तीनदा खिडकीपाशी येऊन गेले.

गीतांजलीने कागद बाईंच्या हातात दिला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. रिकाम्या कॅनमधलं एन्झाइम अस्सल होतं, पूर्ण ताकदीचं. भरलेल्या, सीलबंद कॅनशी त्याचा आकडा तंतोतंत जुळत होता.

"म्हणजे पाणी घातलेलं नाही. व्यंकट सुटला," ती म्हणाली.

विरूपाक्षांनी कागद दोनदा वाचला. ते हसले नाहीत.

"कॅनमध्ये माल खरा होता, हे मान्य. टाकीत पोचला नाही, हेही खरं. मग मधल्या वाटेत गेला. कॅन स्टोअरमधून दिला व्यंकटने, ओतला महादेवीने." ते थांबले आणि अवघडून गीतांजलीकडे पाहू लागले. "आणि ओतल्याच्या कागदावर सही तुमचा आहे, मॅडम."

'सही तुमची' असं बाईंनी या वेळी म्हटलं नाही. गीतांजलीचे कान तापले. आपण एकाला सोडवायला गेलो आणि आता तिघं अडकलो, हे तिला लख्ख दिसलं.

"सोमवार अजून लांब आहे," बाई म्हणाल्या. "महादेवी कुठं आहे?"

४

महादेवी टाकीवरची कामगार. चार फूट दहा इंच उंची आणि आवाज मात्र दोन शेतं ओलांडून जाणारा.

"म्याच कापलं सील," ती म्हणाली. "कात्रीनं. पक्कं होतं. अन् भडाभडा समदं टाकीत वतलं. ही मॅडम बाजूला उभी होती, इचारा. आता मी काय ते पाणी घरी न्हेऊन कालवण करू का?"

"यावेळी काही वेगळं वाटलं का गं तुला?"

"वाटलं की. पन मला कोन इचारतंय!"

"मी विचारतेय."

महादेवी मऊ झाली. "बाई, येरवी ह्या टाकीला लई फेस येतंय. पावडर पाण्यात कालवली का फेस वर चढतंय, झाकनाला लागतंय. म्या काठी घेऊन मारत बसते. ह्या बारीला फेसच न्हाई. काठी हातातच राहिली. म्या म्हनलं बरं झालं, काम वाचलं."

"फेस एन्झाइमचा असतो," गीतांजली बाईंना म्हणाली. "एन्झाइम कमी, म्हणून फेस कमी. मी वहीत तसंच लिहिलंय."

बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, की गीतांजली क्षणात पुन्हा अकरावीच्या वर्गात जाऊन बसली.

"महादेवी, फेस कधी यायचा? कॅन ओतल्यावर का आधी?"

"आधीच की! कॅन तर मागून येतंय. फेस मारून बसवला का मग कॅन."

गीतांजलीने वही मिटली. दोन वर्षं ती त्या टाकीशेजारी वावरत होती. पण ती यायची कॅन ओतायच्या वेळी, आणि तोवर काठी चालून गेलेली असायची.

"म्हणजे फेस एन्झाइमचा नव्हता," बाई सावकाश म्हणाल्या. "सहा घाण्यांत आणखी काहीतरी होतं, आणि सातव्यात ते नव्हतं. आता मला सांग, टाकीत पाण्याशिवाय काय असतं?"

"चोथा. काडीचा न विरघळलेला भाग."

"पाण्यात नाही, बाहेर गेलं नाही, तर एन्झाइम कुठं असेल?"

गीतांजलीने कपाळाला हात लावला. "लिग्निनला चिकटून! पण बाई, तो विचार मी पहिल्याच दिवशी केला होता. काडीला जो ताठरपणा असतो ना, तो लिग्निनचा. एन्झाइमने जायचं असतं तंतूकडे, पण वाटेत लिग्निन भेटलं की ते त्यालाच चिकटून बसतं, आणि मग ना पाण्यात सापडतं, ना कामाला येतं. जगभर याच दुखण्यावर डोकेफोड चाललीय. पण लिग्निन तर पहिल्या सहाही घाण्यांत होतं. तेव्हा का नाही चिकटलं?"

"तेच विचार. चोर सातही वेळा घरातच होता. सहा वेळा त्याला कुणीतरी अडवून धरलं." बाई उठल्या. "या वेळची पावडर कोणत्या पोत्यांतली?"

५

पावडरीच्या रजिस्टरमध्ये विरूपाक्षांच्या सुवाच्य अक्षरात नोंद होती: 'पोती दोन. माळ क्र. ३.'

"हे बघा!" गीतांजली म्हणाली. "तुराट्याच वेगळ्या आहेत. कुणाच्या तरी माळावरच्या. हलक्या जमिनीतली काडी कडक असते, लिग्निन जास्त. साहेब, हा तीन नंबरचा माळ कुणाचा?"

साहेबांनी डोकं खाजवलं. "ते पोत्यावर लिहिलेला होता. मी उतरवून घेतला. शेतकऱ्याचा कुठला तरी माळ असेल."

"आणि एक नंबरचा, दोन नंबरचा माळ कुठं आहे?" बाईंनी विचारलं. रजिस्टरभर शोधलं, पण ते कुठंच नव्हते. बाकी सगळ्या पोत्यांवर साध्या तारखा होत्या.

बाईंना कागदावरच्या उताऱ्यापेक्षा मूळ वस्तू बघायची खोड होती. रिकामी पोती शेडमागं घडी करून ठेवली होती. त्यांनी एक उलगडलं. पोत्यावर गिरणीवाल्याने खडूने लिहिलं होतं: '३री माळ.'

बाई आधी गालात हसल्या, मग मोठ्यांदा हसल्या, आणि मग त्यांना हसू आवरेचना. महादेवीही हसायला लागली, कशाला ते माहीत नसताना.

"साहेब," डोळे पुसत बाई म्हणाल्या, "शेतातला माळ 'तो' असतो. तिसरा माळ. ही तिसरी माळ आहे. बाईमाणूस आहे ही! तुम्ही तिला उचलून शेतात नेऊन बसवलंत."

विरूपाक्ष गोंधळून बघत राहिले. गीतांजलीच्या डोक्यात मात्र लख्खकन उजेड पडला. नवरात्रात घटावर रोज एक माळ चढते. घरोघरी त्या नऊ दिवसांत तारीख कुणी सांगतच नाही. पहिली माळ, दुसरी माळ, अशीच मोजणी. गिरणीवाल्याने दळणाचा दिवस लिहिला होता. सातव्या घाण्याची पावडर नवरात्राच्या तिसऱ्या दिवशी दळलेली होती, आणि आधीच्या सगळ्या पावडरी साध्यासुध्या दिवसांत.

"पण बाई, तुराट्यांना नवरात्राचं काय?"

"तुराट्यांना नसेल," बाई म्हणाल्या. "दळणाऱ्याला असेल. चल."

६

शेषेराव मामांची गिरणी रेणापूरच्या बाजारगल्लीत होती. एका बाजूला पिठाची चक्की, दुसऱ्या बाजूला गुरांच्या खुराकासाठी सोयाबीन भरडायचं मोठं यंत्र. तुराट्या याच दुसऱ्या यंत्रातून निघत. सगळीकडे पिवळसर धूळ, आणि त्या धुळीत पांढऱ्या मिशांचे मामा.

मामांनी चहा सांगितला, खुर्च्या पुसल्या, पोरीचं लग्न झालं का म्हणून गीतांजलीची चौकशी केली. बाईंनी चहा संपेपर्यंत कशाचीच घाई केली नाही.

"मामा, नवरात्र कडक करता वाटतं?"

"कडक म्हंजे! माहूरची रेणुका आमची कुलदेवी. नऊ दिस पायात चप्पल न्हाई, दाढी न्हाई. एक टाइम फराळ."

"आणि गिरणी?"

"गिरणी चालू. पोट हाय ना. पन रोज सांजच्याला झाडून-पुसून लख्ख."

बाईंनी यंत्राखालच्या ढिगाकडे बोट केलं. सोयाबीनच्या भरड्याची पिवळी झाडण तिथं गोळा केलेली होती. "रोजची ही झाडण कुठं जाते हो?"

मामांचा कप ओठाशी थांबला.

"म्हशीला," ते म्हणाले.

"नवरात्रात म्हशीला. एरवी?"

मामा मिशीवरची धूळ झटकू लागले. बाईंच्या चेहऱ्यावर तो जुना, वही न पाहता पोराकडे पाहण्याचा भाव होता.

"एरवी आमच्या पोत्यांत ना, मामा? वजन भरायला?"

शेषेराव मामांनी कप खाली ठेवला आणि दोन्ही कान पकडले. "पोत्यामागं तीन-चार किलो, बाई. जास्त न्हाई, आईची आन! लाकडाचा भुसा तो, त्यात काय समजतंय कुणाला, असं वाटलं. पन नवरात्रात एक चिमट घातली आसंल तर जबान झडंल माझी. देवीचे नऊ दिस म्या खोटं करत न्हाई."

"आणि बाकीचे दिवस?"

"बाकीचे दिस देवी माहूरला आसती. तिथून इतकं बारीक दिसत न्हाई तिला."

बाईंनी तोंडावर पदर घेतला. गीतांजली मात्र जागची उठून उभी राहिली होती.

"मामा, ती झाडण द्या मला," ती म्हणाली. "सगळी द्या."

"पोलिसाला दाखवनार का?" मामांचा आवाज चिरकला.

७

पोलिसाला नव्हे, ती बाटल्यांना दाखवायची होती. शनिवारी दुपारी गीतांजलीने तीन बाटल्या लावल्या. पहिलीत पोत्यांच्या तळाशी उरलेली तिसऱ्या माळेची पावडर आणि एन्झाइम. दुसरीत शेडमध्ये शिल्लक राहिलेली जुनी, झाडणवाली पावडर आणि तेवढंच एन्झाइम. तिसरीत पुन्हा तिसऱ्या माळेची पावडर, पण आधी मामांची झाडण कालवलेली आणि मग एन्झाइम. दुसऱ्या आणि तिसऱ्या बाटलीत पाणी घालताक्षणी फेस चढला. महादेवीने "आलं बगा, आलं!" म्हणून टाळी वाजवली.

रविवारी दुपारी सगळे जमले. सुट्टी असून विरूपाक्षही आले होते. गीतांजलीने एकेका बाटलीच्या पाण्यातल्या एन्झाइमची ताकद काढली आणि फळ्यावर लिहिली. पहिली बाटली: शंभरातले सव्वीस. दुसरी: शहात्तर. तिसरी: चौऱ्याहत्तर.

साहेब फळ्यासमोर उभे राहिले. "झाडण घातला की एन्झाइम परत येतो?"

"परत येत नाही, जातच नाही," गीतांजली म्हणाली. "साहेब, तुम्ही लातूरच्या स्टँडवर गाडी धरलीय ना? गाडी लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. सोयाबीनमध्ये प्रथिन असतं. झाडण पाण्यात पडली की ते प्रथिन जाऊन लिग्निनवरच्या सगळ्या जागांवर रुमाल टाकतं. फेसही त्याचाच. मागून एन्झाइम येतं, बघतं तर बसायला जागाच नाही. मग ते मुकाट्याने पुढं तंतूकडे जातं आणि आपलं काम करतं. सातव्या घाण्यात सोयाबीन नव्हतं. सगळ्या जागा मोकळ्या. एन्झाइम आलं आणि ऐसपैस बसलं. ते चोरीला गेलंच नव्हतं, टाकीतल्या चोथ्यातच होतं."

"म्हणजे आपले सहा घाणे चांगले उतरले ते..."

"मामांच्या भेसळीमुळे," बाई म्हणाल्या. "आणि सातवा बसला तो त्यांच्या भक्तीमुळे. माणूस नऊ दिवस इमानदार राहिला आणि आपलं दिवाळं वाजलं."

महादेवी पोट धरून हसली. विरूपाक्षांना हसू फुटायला जरा वेळ लागला. फुटलं तेव्हा मात्र खुर्चीला हात टेकावा लागला. दाराशी येऊन उभे राहिलेले शेषेराव मामा तेवढे हसत नव्हते.

"मामा," गीतांजली म्हणाली, "आता पुढच्या प्रत्येक पोत्याला आम्ही सांगू तेवढा भरडा घालायचा. मोजून. चिठ्ठीवर लिहून. नवरात्रातसुद्धा."

मामा दारातून आत आले. "लिहून घालायचं म्हंजे मग ते खोटं कसं म्हनायचं?"

"नाहीच म्हणायचं."

"मग चालतंय," मामा म्हणाले आणि पहिल्यांदा त्यांच्या मिशा हलल्या.

हसणं ओसरलं तसे विरूपाक्ष खाली बसले. टेबलावर तक्रारीचा अर्ज टाइप करून ठेवलेला होता, नुसती सही राहिली होती. त्यांनी तो चार तुकडे करून फाडला आणि तुकडे खिशात घातले, टोपलीत टाकले नाहीत.

"मी त्याला सगळ्यांसमोर बोललो," ते म्हणाले. "उद्या सकाळी मीच घरी जातो. तुम्ही याल का बरोबर, बाई? मला एकट्याला धीर होणार नाही."

८

सोमवारी सकाळी नऊ वाजता तिघं व्यंकटच्या दारात उभी होती. साहेबांनी पांढरा सदरा घातला होता आणि वाटेत घेतलेला पेढ्यांचा पुडा ते या हातातून त्या हातात करत होते. दार व्यंकटच्या बायकोने, रुक्मिणबाईने उघडलं.

"या की, साहेब! तुमी इकडं कामून?" तिने घाईने पदर सावरला. "ते तर कवाच कामावर गेले. शुक्रवारपसून लई काम हाय म्हनत्यात. सातलाच डबा घेऊन निघत्यात, काल रविवार असून पन गेले. काय झालं? काय बिघडलं का?"

गीतांजलीने बाईंकडे पाहिलं. म्हणजे या माणसाने घरात काही सांगितलंच नव्हतं. चोर म्हणून हाकललेला नवरा रोज सकाळी डबा घेऊन निघत होता आणि दिवसभर कुठं तरी बसून येत होता.

विरूपाक्ष मान खाली घालून म्हणाले, "वहिनी, मी त्याचा..."

"काही बिघडलं नाही," सत्यशीलाबाई मध्येच म्हणाल्या. "हो, कामावरच आहे तो. आम्ही दुसऱ्या रस्त्यानं आलो म्हणून चुकामूक झाली. एक मोठी अडचण सुटली आमची, त्याच्यामुळं. साहेबांना राहवलं नाही, पेढे घेऊन आले. घ्या."

रुक्मिणबाईचा चेहरा फुलला. तिने चहाचा आग्रह केला, पण बाईंनी वेळ नाही म्हणून हात जोडले. मग तिघं व्यंकटला शोधत गल्लोगल्ली फिरली.

व्यंकट सापडला आठवडी बाजाराच्या शेडमध्ये. बाजार शुक्रवारचा, त्यामुळे शेड ओस पडली होती. एका रिकाम्या ओट्यावर तो बसला होता, शेजारी डबा. साहेबांना पाहून तो ताडकन उठला आणि मागं सरकला.

"व्यंकट," विरूपाक्ष म्हणाले. "तू काही घेतलं नाहीस. कुणीच घेतलं नव्हतं. चुकलो मी. इथं सांगतोय ते पुरेसं नाही, हे मला कळतं. अकराला चहाच्या वेळी तिथंच सांगणार आहे, सगळ्यांसमोर. तू तिथं असायला पाहिजेस."

व्यंकटने त्यांच्याकडे पाहिलं, मग गीतांजलीकडे. तिने मान हलवली.

"साहेब," तो हलक्या आवाजात म्हणाला, "तुमी माझ्या घरी जाऊन आलाव का?"

"आलो."

"मग तिला..."

"मी सांगितलं तिला," बाई म्हणाल्या. "तू कामावर आहेस म्हणून."

व्यंकटने बाहीने डोळे पुसले आणि डबा उचलला.

"मग चला की लवकर," तो म्हणाला. "तुमचं बोलनं खोटं पडायच्या आत पोचाया पाहिजे."